पिवळ्या पानाचा पुरावा

कतारला कोणत्या महिन्यात यावे, याविषयी शिवकन्येचे मत स्पष्ट होते. दोह्यात राहून तिला चार वर्षे झाली होती आणि नोव्हेंबरात तिला मुलगी झाली होती. “जानेवारीत या. मे मदी हितं दाराबाहेर पाय ठेवता येत न्हाई,” तिने फोनवर बजावले.

कुरुंद्याच्या माणिकरावांचे, म्हणजे तिच्या वडिलांचे, मत नेमके उलट होते. हळदीच्या शेतकऱ्याला मोकळा महिना एकच, तो म्हणजे मे.

“उन्हाचं आमाला काय सांगून राहिली ही? हितलं बेचाळीस आमी नुसत्या टोपीवर काढतो.”

“तुमी काढता,” त्यांच्या पत्नी आशाबाई म्हणाल्या. “मला नातीला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायचंय. मे मदी तितं कोवळं ऊन कुठून आणू? अन् तवर पोरगी बसती व्हईल. मंग मालिश कोनाची करू, तुमची?”

माणिकरावांनी दुसराच मुद्दा काढला. अडचणीच्या मुद्द्यांबाबत त्यांची हीच पद्धत होती. “जानेवारीत हळद काढायची हाय.”

“पाला वाळल्याबिगर कुदळ लावू नका, हे अख्ख्या गावाला कोन सांगतं? अन् आपला पाला तर हिरवागार हाय.”

स्वतःचा नियम मोडणे अशक्य होते. तेव्हा पाला वाळू लागल्याचे सिद्ध करणे, एवढाच मार्ग उरला. डिसेंबरातल्या एका सकाळी माणिकरावांनी तीन एकर हळद सरीसरीने पालथी घातली आणि दुपारी एक पिवळे पान रुमालात जपून घरी आणले.

“बघ. पिवळं पडून राहिलं.”

आशाबाईंनी पान उजेडात धरले. त्यावर तपकिरी ठिपके होते.

“व्हय, पिवळं हाय. पर वाळलेलं न्हाई, रोगानं पडलेलं हाय. करपा हाय हा. लोकाच्या शेतात बराबर वळखता, मंग आज काहून वळखला न्हाई?”

माणिकरावांनी ठिपक्यांवरून बोट फिरवले आणि पान पुन्हा रुमालात गुंडाळले. निदान अचूक होते, आणि अचूकपणाशी वाद घालणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. त्या आठवड्यात त्यांनी दोन कामे उरकली : फवारणी आणि तिकिटे.

जानेवारीत, दोह्याच्या सज्जात, आशाबाईंच्या पसरलेल्या पायांवर तेलाने चकाकणारी नात सकाळच्या उन्हात हात-पाय झाडत होती. शेजारी शाल पांघरून बसलेले माणिकराव जावयाला समजावत होते, की वाळवंटी मुलखात यावे ते जानेवारीतच. मे महिन्याचा हट्ट धरणाऱ्याला हवामानातले काही कळत नाही.

“असा हट्ट कोनी धरतं का, मामा?” जावयाने विचारले.

“होते एक जन,” आशाबाई म्हणाल्या. “करपा पडला व्हता. येळेवर फवारलं, म्हनून वाचले.”