कात्री परत देणारा हात

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. केस विंचरणाऱ्यांचा नव्हे, तोंडे वेंगाडणाऱ्यांचा. कपाटाच्या दारासाठी काच कापताना मी उरलो, एका कोपऱ्याचा टवकाही गेला. काचवाल्याने फेकण्यापेक्षा बरे म्हणून मला एका चित्रकाराच्या हवाली केले. तेव्हापासून माझे आयुष्य गेले ते हाताने चित्रे काढून चित्रपट बनवणाऱ्या एका कचेरीत, उतरत्या टेबलावर.

तिथे प्रत्येक चित्रकारापुढे एक आरसा असतो. चित्रातल्या माणसाला रडवायचे तर चित्रकार आधी स्वतः आरशात रडका चेहरा करून बघतो आणि मग तो कागदावर उतरवतो. भारदस्त माणसांनी माझ्यासमोर गाल फुगवले, ओठ काढले, भुवया नाचवल्या. त्यांच्या बायकांनाही ते चेहरे ठाऊक नसतील. मी कधी चहाडी केली नाही, ही माझी जमेची बाजू.

माझ्या मालकाला सगळे मौनीबाबा म्हणत. चहा आला का, यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. त्याच्या पाठीमागच्या टेबलावर तपासनीस बाई बसत. प्रत्येक चित्र त्यांच्या नजरेखालून जायचे. सदऱ्याचे एक बटण वरखाली झाले तरी गठ्ठा परत. मागून सगळे त्यांना चाळणी म्हणत, समोर म्हणायची छाती कुणाची नव्हती.

गठ्ठा परत देण्याची त्यांची एक तऱ्हा होती. हात पुढे करायच्या, अर्ध्यातच मागे घ्यायच्या, कागदाकडे पुन्हा बघायच्या आणि मग द्यायच्या. जणू देववत नाही. मौनीबाबा मान न वळवता खांद्यावरून हात मागे करून तो घ्यायचा. शिष्ट आहे मेला, असे त्या एकदा शेजारणीजवळ बोलल्याही. खरी गोष्ट मला ठाऊक होती. त्याने मला असे तिरके लावले होते की माझ्यात त्याचा अर्धा कान दिसे आणि बाकी सगळ्या तपासनीस बाई.

त्या वर्षी एका प्रेमकथेचे काम चालले होते. शिवणकाम करणारी एक मुलगी आणि शेजारच्या दुकानात पुस्तके बांधणारा एक मुलगा. मारामारी नाही, पळापळ नाही, तू मला आवडतोस एवढेही कुणी म्हणत नाही. ती त्याची कात्री मागून नेते आणि परत आणून देते, बस्स. शेवटी तिचे दुकान दुसरीकडे हलते आणि ती कात्री कायमची परत करायला येते. हा प्रसंग मौनीबाबाच्या वाट्याला आला. त्याने माझ्यात बघून बघून तो काढला. मुलगी हात पुढे करते, अर्ध्यातच मागे घेते, कात्रीकडे बघते आणि मग देते.

चित्रपट दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता. आदल्या सकाळी दिग्दर्शकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या सरांनी, तो पडद्यावर बघितला आणि तरातरा आमच्या टेबलाशी आले.

"पोरगी सबंध चित्रपटात उजव्या हाताने शिवते आणि इथे डाव्या हाताने कात्री देते? आणि तो हात मागे कशाला? लोक म्हणतील, चित्रं उलटसुलट लागली. मधलं सगळं काढून टाका. आली, दिली, गेली. मिटला विषय."

मग ते बाईंकडे वळले. तुमच्यासारखीच्या नजरेतून हे सुटलेच कसे, असे विचारून, जेवण झाल्यावर उत्तर घ्यायला येतो म्हणाले.

मौनीबाबाचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. आरशातला उजवा हात डावा दिसतो, आणि तो तसाच त्याने उतरवला होता. पण हे सांगायचे तर आरशात तो कुणाला बघत होता, हेही सांगावे लागणार. बोलला तर चोरी उघडी पडणार, गप्प राहिला तर महिनोन् महिने जपलेला तो प्रसंग कापला जाणार. तो गप्प राहिला. मला त्याचा इतका राग आला की तडा जायचाच बाकी होता.

बाईंनी गठ्ठा उचलला. चित्रातला दोष पकडायचा तर ते आरशासमोर धरून बघायचे, ही त्या कचेरीतली जुनी रीत. त्या आल्या आणि एक चित्र माझ्यासमोर धरले. माझ्यात चुकलेला हात उजवा झाला. चित्रातली मुलगी काहीतरी पुढे करून थबकलेली, आणि तिच्या शेजारी कागद पुढे करून थबकलेल्या बाई.

त्यांनी माझ्याकडे बघितले. मग वळून आपल्या खुर्चीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मौनीबाबाचा अर्धा कान लालबुंद झाला होता.

"हा आरसा असाच तिरका असतो?" त्यांनी हळूच विचारले.

"हो."

"आणि मी चुका परत देते, ते असं?"

"रोज," मौनीबाबा म्हणाला.

बाई गठ्ठा छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या. आता सरांना सगळे सांगतात की काय, या धास्तीने माझ्यावर वाफ धरली असती. तेवढ्यात सर आलेच.

"हात चुकलाय, सर," बाई म्हणाल्या. "मुलगी समोरूनच दिसते. कागद उलटा करून, खालून उजेड येणाऱ्या काचेवर गिरवला की उजवा होईल. मी स्वतः मदतीला बसते. पण मधलं एकही चित्र काढू नका."

"का?"

"माझ्या नजरेतून हे कसं सुटलं, असं विचारलंत ना? मी हाताकडे बघितलंच नाही. ती देते की नाही, याची वाट बघत होते."

सरांनी टाळू खाजवली. तुम्हीच चुकायला लागलात तर माझे काय चालणार, असे पुटपुटत ते निघून गेले.

संध्याकाळपर्यंत दोघांनी चित्रे गिरवली. अखेरचा गठ्ठा तपासून बाईंनी हात पुढे केला, अर्ध्यातच मागे घेतला. खांद्यावरून त्याचा हात कधी मागे जातो, याची मी वाट बघत होतो. तो गेलाच नाही. खुर्ची करकरली आणि मौनीबाबा सबंध मागे वळला. माझ्यात उरला फक्त त्याच्या डोक्यावरचा भोवरा. त्याच्याआड बाई पूर्ण झाकल्या गेल्या. गठ्ठ्यात चूक होती की नव्हती, मला आजतागायत कळलेले नाही.

पुढे त्यांची टेबले समोरासमोर लागली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. मौनीबाबा आता भरपूर बोलतो, ते मला इथवर ऐकू येते. तक्रार नाही, पण थोडे सुने वाटते.

मित्रांनो, मी खोटे दाखवत नाही, पण डाव्याचे उजवे करतो. तेव्हा कुणी आवडत असेल तर माझ्यात बघून भागवू नका, मान वळवा. आणि वळण्याआधी हाताशी फडके असेल, तर माझ्यावरची धूळ तेवढी पुसून जा.