तिसरी फरशी

आमच्या दारातून आत आलं की तिसऱ्या फरशीचा एक कोपरा उडालेला आहे. माझा मुलगा लहानपणी त्या फरशीवर उभा राहायचा. मी कामावरून आले की त्याने तिथेच थांबायचं, पुढे यायचं नाही, असा माझा नियम होता. न्हाणीघर दाराला लागूनच. मी थेट आत शिरायची, कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, डोक्यावरून अंघोळ करायची. बाहेरून तो विचारायचा, "आता?" आणि मी आतून ओरडायची, "अजून नाही."

मी रुग्णालयात कॅन्सरची औषधं तयार करते. बाटलीतली पावडर विरघळवायची, सिरिंजने मापून सलाइनच्या पिशवीत सोडायची. ही औषधं गाठीला मारतात, पण चांगल्या माणसाच्या अंगावर पडली तर गाठ कुठली नि माणूस कुठला हे त्यांना कळत नाही. मी लागले तेव्हा उघड्या टेबलावर, डोक्यावर पंखा गरगरत असताना, पातळ हातमोज्यांत हे काम चालायचं. शेजारी बसणाऱ्या बाईंचे लागोपाठ दोन गर्भ पडले. औषधामुळे की आणखी कशामुळे, हे कोणी छातीठोकपणे सांगितलं नाही. माझ्या मनात मात्र भीती बसली ती कायमची. घरी वडील नसलेलं सहा वर्षांचं पोर होतं.

पुढे हवा आत ओढून घेणारं काचेचं कपाट आलं. हातमोजे दोन-दोन आले. आतला बाहीच्या खाली, बाहेरचा बाहीच्या वर. नव्या लोकांना मी हे इतक्यांदा ऐकवलंय की माझ्या पाठीमागे मला हेडमास्तरीण म्हणतात. म्हणोत बापडे. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक थेंब सांडला नव्हता. घरचा नियमही तसाच राहिला, मुलगा लग्न करून दुसऱ्या घरी जाईपर्यंत. आता बोलायला कामावर काचेपलीकडून लेबल वाचणारी एक बाई आणि घरी कोणीच नाही. काही दिवस तर असे जातात की संध्याकाळी माझाच आवाज मला परका वाटतो.

सोमवारी मुलाचा फोन आला. सून तापाने फणफणली होती, बाळाला तिच्यापासून लांब ठेवायचं होतं. एवढी गुरुवारची दुपार त्याला रजा नव्हती, तेव्हा दुपारपासून संध्याकाळपर्यंत सांभाळशील का, असं त्याने विचारलं, तेही चाचरत. नात आठ महिन्यांची. मी तिला तीनदाच पाहिलेलं, आणि तिन्ही वेळा सून "घ्या ना" म्हणाली की मी हात मागे घेतले होते, कामावरून आलेय म्हणून. या वेळी मी हो म्हणाले. ही संधी घालवली तर मला पुन्हा कोणी विचारणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

गुरुवारी कामावर माझं लक्ष नव्हतं, उगाच कशाला खोटं बोलू. तिला झोपवायचं कुठे या विचारात ट्रे उचलला आणि कपाटाबाहेर एक बाटली घरंगळून फुटली. सगळ्यांना बाहेर काढलं, दारावर पाटी लावली, सांडलेलं औषध आवरायची पेटी, स्पिल किट, उघडलं. जाड मास्क, शोषून घेणारे कपडे कडेकडून मधे, काचा चिमट्याने कडक डब्यात, मग साबणाच्या पाण्याने तीनदा, आणि सगळं दोन पिशव्यांत बंद. तिथेच अंघोळ केली, धुतलेले कपडे घातले, रिपोर्ट लिहिला. आमच्या विभागाच्या साहेबांनी नीट पाहून सांगितलं की अंगाला काही लागलेलं नाही, निर्धास्त घरी जा.

घरी पोचले तेव्हा मुलगा त्याच्याकडच्या किल्लीने उघडून आत आलेला होता. मला बघून तो हसत पुढे आला, दोन्ही हातांनी बाळ माझ्याकडे देत. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून नाही."

बत्तीस वर्षांचा दाढीवाला माणूस दोन पावलं मागे सरकला आणि बरोबर त्या फरशीवर जाऊन थांबला. तरी माझे पाय न्हाणीघराकडेच वळले. स्वच्छ अंग मी पुन्हा घासलं, बोटं चुरचुरेपर्यंत.

बाहेर आले तरी तो तिथेच उभा, बाळाला थोपटत. मी म्हणाले, "का थांबायचं, ते तू कधी विचारलं नाहीस."

"मला वाटायचं, मला माहितीये," तो म्हणाला. "मी मातीत खेळून आलेला असायचो. माझंच काहीतरी तुला लागेल, म्हणून तू लांब ठेवतेस. मग तू यायच्या आधी मी हात धुऊन ठेवायचो. दोनदा."

"ते औषध होतं रे. तू नव्हतास."

"हो, कॉलेजात असताना कळलं. तोवर सवय झाली होती."

पोरगं घाबरेल म्हणून मी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. आणि नियमाचा दुसरा अर्धा भागही होता की. अंघोळ झाल्यावर "आता ये" म्हणायचं असतं. मी बाहेर येऊन थेट स्वयंपाकाला लागायची. ते किती वेळा म्हटलं असेन, आठवून पाहिलं, आठवेना. कामावर मी एक पायरी अर्धी सोडत नाही.

"आता ये," मी म्हणाले.

तो पुढे आला नाही. फरशीवरूनच वाकून, हात लांब करून त्याने बाळ माझ्याकडे दिलं. तू पण ये, असं म्हणायचं होतं. शब्द ओठांवर येईतो त्याने घड्याळ पाहिलं, दूध पिशवीत आहे म्हणाला, सहाला येतो म्हणाला आणि भिंतीकडेने निघाला, मला त्याचा धक्का लागू नये म्हणून अंग चोरून.

नात चांगली जड होती. तिने माझं भेगा पडलेलं बोट धरून तोंडात घातलं. मी ते ओढून घ्यायला गेले आणि मग राहू दिलं. तिला घेऊन तिसऱ्या फरशीवर फतकल मारून बसले, दाराकडे तोंड करून. सहाला तो दार उघडेल तेव्हा आधी मी बोलणार होते. ऐन वेळी विसरायला नको म्हणून बसल्या बसल्या म्हणत राहिले, "आता ये. आता ये." ती खुदकन हसायची. तिला वाटत होतं, मी तिलाच बोलावतेय.