भिंतीतलं कपाट

माझा भाऊ रंगारी. लोकांच्या भिंती गुळगुळीत करून येणाऱ्याच्या स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार नको, म्हणून तो फार जपायचा. भिंतीवर डाग दिसला की तो कुठून आला हे विचारायच्या आधी दादाच्या हातात ब्रश. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्याचा धंदाही आणि स्वभावही.

डाग येत होता वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून. भिंतीतला पाइप कुठेतरी झिरपत होता. वरच्या काकांना मी जिन्यात गाठून सांगितलं, तर म्हणाले, "बघतो." बघतो म्हणणारी माणसं नेमकं काय बघत असतात, ते मला आजवर कळलेलं नाही. दादाने तर तेवढीही वाट पाहिली नाही. डागावर ऑइलपेंटचे हात मारले आणि भिंत चकचकीत करून टाकली. पाणी आतच राहिलं. पुढची वाट बंद झाल्यावर ते भिंतीतल्या भिंतीत सरकत वहिनीच्या कपाटाकडे गेलं.

ते कपाट भिंतीतलंच होतं. पुढे लाकडी दारं आणि पाठीला थेट भिंत. वहिनी गेली तेव्हा तिची लेक, आमची ठकी, नुकती शाळेत जायला लागली होती. आईचा वास येतो म्हणून ती त्या कपड्यांत डोकं खुपसून बसायची. तो वास उडून जाऊ नये म्हणून दादाने काय करावं? रंगकामाच्या वेळी सामान झाकायला प्लास्टिक वापरतात, ते त्याने दारांवर ताणून बसवलं आणि कडांना चिकटपट्टी मारली. वहिनीच्या अंगावरचे शेवटचे कपडे, तिची शाल, सगळं न धुता आत. सुट्टीच्या दिवशी पट्टी सोडायची, ठकीने शाल तोंडावर घेऊन पोटभर वास घ्यायचा, की पुन्हा बंद. हे रंगाऱ्यालाच सुचू शकतं. मी शेजारच्याच खोलीत शिवणकाम करत बसायची आणि हे पाहून मला भरून यायचं.

मग ठकीला खोकला लागला. खोकणाऱ्या पोरीला वारा लागू नये म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतल्या. छाती मोकळी व्हावी म्हणून खोलीत पाण्याचं पातेलं उकळत ठेवलं. त्या वाफेने काचांवर थेंब जमायचे, ओघळून चौकटीत मुरायचे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय! पलंगाखाली, चपलांवर, छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसायला लागले. मी ओल्या फडक्याने पुसायची आणि तेच फडकं पुढच्या कोपऱ्यात फिरवायची. चार दिवसांनी दोन्ही कोपरे काळे.

डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं होतं, "घरात कुठे ओल आहे का हो?"

"छे! रंगाऱ्याचं घर आहे आमचं," दादा म्हणाला. एवढा ताठ बसला होता की मला त्याला चिमटा काढावासा वाटला.

आणि एका सुट्टीच्या दिवशी ठकी शाल तोंडावर घेऊन बसली ती उठेचना. श्वास आत जाताना शिट्टी वाजत होती, ओठ निळे पडत होते. मी शाल हिसकली, तर ती माझ्या बोटांत टर्रकन फाटली. सुतात जीवच उरला नव्हता. मी ती नाकाला लावली. वहिनीला साबणाचा आणि थोडा घामाचा वास यायचा. हा वास भिजून पडलेल्या पोत्याचा होता. कपाटात वाकून पाहिलं, तर पाठची भिंत हिरव्या-काळ्या लवेने भरलेली, आणि तीच लव कपड्यांच्या घड्यांवर.

दवाखान्यात ठकीचा श्वास ताळ्यावर आला. डॉक्टरीणबाईंनी ते कपडे घराबाहेर काढायला सांगितले. घरी आल्यावर दादा कपाटापुढे उभा राहिला.

"टाकू म्हणतेस? तिचं एवढंच तर उरलंय."

"तिचं काय उरलंय ते आत झोपलंय, दादा. ते तरी राहू दे."

सगळं त्याने स्वतःच गोणीत भरलं. शाल तेवढी मी मागून घेतली. उकळत्या पाण्यातून काढली, उन्हात कडक वाळवली, फाटलेलं शिवलं आणि ठकीला दिली. तिने ती नाकाला लावली आणि नीट घडी करून मला परत केली.

"ही आईची नाहीये, आत्या."

वरच्या काकांना मग मी जिन्यात नाही, त्यांच्या दारात जाऊन गाठलं. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण पाइप दुरुस्त झाला. दादाने कपाटाची दारं काढली, ऑइलपेंट खरवडला, ओला गिलावा फोडला आणि भिंत उघडी ठेवली. खिडक्या उघड्या राहू लागल्या. ठकीचा खोकला उतरत गेला आणि ती जिन्यात पळायला लागली. भिंत खडखडीत वाळली तेव्हा दादा कपाटाचा तो रिकामा कोनाडा लिंपून घ्यायला बसला.

पुट्टी कालवून झाली, तरी ठकीचा पत्ता नव्हता. हाका मारल्या. ती कोनाड्यातच होती, अगदी आतल्या कोपऱ्यात, विटांना नाक लावून उभी.

"आत्या, इथे थोडी राहिलीय," ती म्हणाली.

दादाने हातातला पुट्टीचा पत्रा खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिला बाहेर ने. मी एकदा वास घेतो आणि बंद करतो."

मी ठकीला उचलून दाराबाहेर आणलं. मागून विटांवर पत्रा घासल्याचा आवाज आला आणि तिने भोकाड पसरलं. छाती आता मोकळी होती, त्यामुळे तिचं रडणं वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.