मशीनवर खापर

ब्रेडचं मशीन जुनं झालंय, असं घरात पहिल्यांदा म्हणाल्या त्या कंपाउंडरबाईच.

कंपाउंडरबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. एकतीस वर्षं दवाखान्यात औषधं मोजून देता देता ते चिकटलं आणि निवृत्तीनंतरही सुटलं नाही. थेंब म्हणजे थेंब, चिमूट म्हणजे चिमूट. घरातही तोच खाक्या. नवऱ्याने चहात अर्धा चमचा साखर जास्त घेतली तर पाठमोऱ्या उभ्या असूनही त्यांना कळायचं.

मोजून सगळं भांड्यात घातलं की मळण्यापासून भाजण्यापर्यंत मशीनच करायचं, तरी अशा बाईचा ब्रेड दीड महिन्यापूर्वी अळणी निघाला. त्यांचे यजमान मीटरकाका, ज्यांचा उभा जन्म लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचण्यात गेला, पहिला घास तोंडात घोळवत म्हणाले, "डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलं आणि मलाच सांगितलं नाही वाटतं!" बाई हसल्या. पुढच्या आठवड्यात ब्रेड फुगलाच नाही, नुसती वीट. यीस्टची पुडी ओट्यावर न फोडलेली पडली होती. बाईंनी ती चटकन डब्यात सरकवली आणि नवऱ्याला, फोनवर मुलीलाही सांगून मोकळ्या झाल्या, "मशीन गेलं कामातून. बारा वर्षं झाली त्याला." बिचारं मशीन काय बोलणार! खापर फोडायला इतकं सोयीचं डोकं दुसरं मिळालं नसतं.

तिसऱ्यांदा यीस्ट दोनदा पडलं आणि पीठ झाकण उचलून बाहेर आलं. चौथ्यांदा मशीन तासभर नुसतं घरघरलं. झाकणाच्या काचेतून पाहिलं तर वर कोरडं पीठ, खाली पाणी. मळायचं पातं खणात चमच्यांशेजारी होतं. तो लगदा बाईंनी कागदात गुंडाळला आणि दोन गल्ल्या सोडून पलीकडच्या कचरापेटीत टाकला, चोरीचा माल असावा तसा इकडेतिकडे बघत.  दवाखान्यात त्यांनी अशी माणसं पाहिली होती. एकाच सकाळी दोनदा औषध न्यायला यायची, आणि पहिल्यांदा आलोच नव्हतो म्हणून भांडायची.

आणि सोमवार तोंडावर आला होता. सोमवारपासून मुलगी पुन्हा कामावर जाणार होती, आणि दीड वर्षांची नात दिवसभर यांच्याकडे राहणार होती. बाई या सोमवारच्या वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या. नातीला झटके यायचे. दुपारी एकच्या ठोक्याला तिला औषधाचे सात थेंब द्यावे लागत. चुकले तर झटका, दुप्पट पडले तर श्वासच मंदावायचा. मुलगी निर्धास्त होती. "आई, तुझ्यासारखं मोजून देणारं दुसरं कोण आहे मला?" असं ती दहादा म्हणाली होती. पूर्वी हे ऐकून बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं. आता ऐकलं की त्या विषय बदलायच्या.

गुरुवारी मुलीचा फोन आला. "आई, फोटो पाठवलाय तो बघ. नवं मशीन! यीस्टचा कप्पा वेगळा, वजनकाटा आतच. काही घालायचं राहिलं तर शिट्टी वाजवून सांगतं. रविवारी घेऊनच येते. ते जुनं देऊन टाकू."

"बघते," बाई म्हणाल्या.

फोटो बघून आधी त्यांना हायसं वाटलं. आपण विसरलो तर मशीन आठवण करणार, ब्रेड झकास होणार, कोणाला पत्ताही लागणार नाही. हो म्हटलं की झालं. आणि त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं: औषधाच्या बाटलीला कुठे शिट्टी असते?

त्यांनी मनाची समजूत घालून पाहिली. पातं काकांनीच काढून ठेवलं असेल. पुडी दुसरी असेल. मशीन खरंच बिघडलं असेल. शेवटी शुक्रवारी सकाळी त्यांनी मनाचा हिय्या केला. "अहो, आज ब्रेड तुम्ही लावा."

"मी? अगं, मला अंडं उकडता येत नाही."

"पुस्तिकेत आहे तसं करायचं. जन्मभर आकडेच वाचलेत ना?"

काकांनी चष्मा चढवला. एकेका ओळीवर बोट ठेवून, मोठ्याने वाचत, त्यांनी सगळं भांड्यात घातलं. बाई मुद्दाम बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या. साडेतीन तास. पीठ मळल्याची धपधप ऐकू येत होती. हात घट्ट आवळून त्या पुटपुटत होत्या, "बिघडू दे. एवढा एक बिघडू दे."

ब्रेड टम्म फुगला होता. वरून खरपूस, कडा सरळ, घरभर वास. "बघितलंस?" काका आतून ओरडले. "बारा वर्षं तुझ्याकडे राहिलं, पण वळण लागलं माझ्याच हाताखाली!"

 बसल्या जागीच त्यांनी फोन लावला.

"मशीन आणू नकोस," त्या म्हणाल्या. "जुनं चांगलं चालतंय. आज बाबांनी ब्रेड केला. छान झालाय."

"बाबांनी?" मुलगी खो खो हसली. "मग इतके दिवस बिघडत कशाने होता?"

 अजूनही निसटता आलं असतं. पीठ जुनं होतं म्हटलं असतं तरी मुलीला पटलं असतं.

"माझ्यामुळे. मीठ घालायला विसरले. यीस्ट घातलं की नाही तेच आठवेना. एकदा नाही, चारदा. आणि तुला खोटं सांगत राहिले." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला फार भीती वाटतेय गं. तिला सोमवारी आण, मी खेळवीन, जेवू घालीन. पण तिचं औषध माझ्या हातात देऊ नकोस."

 मग मुलीने हळू आवाजात विचारलं, "बाबांना माहितीये?"

बाईंनी वळून पाहिलं. दारात काका उभे होते. हातात बशी, बशीत त्यांच्या ब्रेडचा पहिला स्लाइस, लोणी लावून बाईंसाठी आणलेला.

"आत्ता कळलं," बाई म्हणाल्या.