बिनमिठाची चटणी

नलूने पुदिन्यावर वरवंटा असा आपटला की लसणाची पाकळी पाट्यावरून उडून मोरीपाशी जाऊन पडली. तिने ती उचलली, धुतली आणि पुन्हा वाटायला घेतली. वर्ध्याच्या दवाखान्यातून आल्या पावली, प्रवासाचं लुगडंही न बदलता ती बसली होती. मोरीच्या पाण्यावर वाढलेला पुदिना, मूठभर कोथिंबीर, जिला इकडे सांबार म्हणतात, आणि भाजलेलं जिरं. वाटण झालं की फडक्यात बांधून निथळवलेल्या दह्यात कालवायचं, वरून लिंबू पिळायचं. मीठ नाही, तेल नाही. करायला काहीच अवघड नव्हतं.

पथ्य नलूचं होतं. उन्हाळ्यात चुलीपाशी चक्कर येऊन ती पडली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून बीपी पाहिला आणि ठेचा, लोणचं, पापड सगळं बंद केलं. मग भाकरीशी खायचं काय, म्हणून ही चटणी सांगितली. ऐकलं नाही तर एखाद दिवशी अर्धं अंग जाईल, हेही सांगितलं.

नलूने पहिल्याच दिवशी वाटीभर केली. तिचे यजमान लक्ष्मणराव जेवायला बसले, नवीन काय म्हणून त्यांनी बोट बुडवून चाखलं, वरून चिमूटभर मीठ घेतलं आणि मस्त झाली म्हणत निम्मी वाटी संपवली. उरलेली सासूबाईंनी, म्हणजे मीराबाईंनी खाल्ली. नलू रीतीप्रमाणे सगळ्यांच्या मागून बसली, तेव्हा वाटी चाटूनपुसून लख्ख होती. तिने ठेच्याशीच भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी जास्त केली, तर लक्ष्मणरावांनी शेजारच्या बापूरावांना हाक मारून आग्रहाने वाढायला लावली. एकदा तिने आपल्यापुरती वेगळी काढून झाकून ठेवली. मीराबाईंनी झाकण उघडलं आणि घरच्यांपासून लपवून खायची ही कोणत्या माहेरची रीत, म्हणून विचारलं. नलूच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिने वाटी मुकाट्याने पंगतीत नेऊन ठेवली.

आज नवराबायको समुद्रपूरहून एस.टी.ने वर्ध्याला गेली, तर बीपी पहिल्यापेक्षाही वाढलेला. डॉक्टरीणबाई नलूवरच चिडल्या. चटणी करता की नाही, त्यांनी विचारलं. नलूने तोंड उघडायच्या आत लक्ष्मणरावांनी उत्तर दिलं, की घरात रोज बनते जी, सगळे आवडीनं खातात.

“मी यांना विचारतेय. तुम्ही खाता का?”

लक्ष्मणराव नलूकडे वळले.

“खातं ना तू?”

त्यांनी खरंच विचारलं होतं. ते चारचौघांत वेळ मारून न्यायला खोटं बोलले असते, तर नलूने एक वेळ सोसलं असतं. पण या माणसाला ठाऊकच नव्हतं. तिला इतका संताप आला की तिने पदराचं टोक मुठीत आवळून धरलं.

“उरली तं खाईन,” ती म्हणाली.

“मंग जास्त बनवत जा ना वं.”

परतताना हिंगणघाटच्या स्टँडवर लक्ष्मणरावांनी शेंगदाण्याची पुडी घेतली आणि तिच्यापुढे धरली. खारे शेंगदाणे. नलूने मान खिडकीकडे वळवली, ती गाव येईपर्यंत इकडे केली नाही.

चटणी कालवून झाली. नलूने भाकरी, वरण, ठेचा असं सगळं मधोमध आणून ठेवलं. लक्ष्मणराव आणि मीराबाई हात धुऊन पाटावर बसले. मग तिने आपलं ताट घेतलं, चटणीची वाटी त्यात ठेवली, त्यांच्यासमोर मांडी घातली आणि जेवायला लागली.

“अवं, घरधनी उपाशी हाय अजून,” मीराबाई म्हणाल्या.

“वाढून घ्या. सगळं पुढ्यातच हाय.”

लक्ष्मणरावांचा हात सवयीने चटणीच्या वाटीकडे आला. नलू चावायची थांबली आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. हात मागे गेला. मीराबाई काहीबाही पुटपुटत होत्या, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लक्ष्मणरावांनी भाकरी घेतली, पण घास तोडला नाही. ते नलूला जेवताना बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“एकाच बाजूनं काऊन चावतं?” त्यांनी विचारलं.

“इकडच्या दाढा पडल्या.”

“कवा?”

“सचिनच्या वेळी. पोटात होता तवा.”

सचिन, त्यांचा मुलगा, गेल्याच वर्षी आर्वीच्या डेपोत कंडक्टर म्हणून लागला होता. नलूने भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीत बुडवला.