‘मंमंवाटी’वर दावा

भिंगरीच्या तोंडात घास होता, माझ्या डाव्या हातात फोन होता, आणि फोनवर एक कंपनी मला चोर म्हणत होती.

शब्द अर्थात तो नव्हता. पत्राची भाषा कडक इस्त्रीची होती. ‘मंमंवाटी’ हा आमच्या कंपनीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क असून त्याच नावाचं डोमेन आपण अनधिकाराने धारण केलं आहे, त्यामुळे ग्राहकांची दिशाभूल होत आहे, सबब दहा दिवसांत ते विनामोबदला कंपनीच्या नावे करावं, अन्यथा. ‘अन्यथा’च्या पुढे पानभर मजकूर होता.

“आई, आ,” भिंगरीनं मलाच घास दाखवला. मी तोंड उघडलं, पण चावायचं विसरले.

मंमंवाटी ही माझी वेबसाइट. भिंगरी आठ महिन्यांची असताना एका पुड्यातलं बिस्किट तिला भरवलं होतं. पुड्यावर हसरं बाळ होतं. अर्धं बिस्किट पोटात जायच्या आत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला दूध चालत नाही. आणि दूध कुठे कुठे लपतं ते तुम्हालाच शोधावं लागेल.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी घरात बसले होते, ती त्या दिवसापासून कामाला लागली. पुड्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत दूध स्वतःच्या नावानं येत नाही. कधी केसीन होऊन येतं, कधी व्हे, कधी ‘दुग्धघन पदार्थ’. मी दुकानात उभी राहून एकेक पुडा उलटा करून वाचायचे. दुकानदार म्हणायचा, “ताई, परीक्षा आहे का?” वाचलेलं मी वेबसाइटवर टाकायला लागले. चालतं, चालत नाही, आणि खाली मागच्या बाजूचा फोटो. मग इतर आया फोटो पाठवायला लागल्या. आता कुठल्या तरी शहरात कुणी तरी आई दुकानात एका हातात मूल आणि एका हातात पुडा घेऊन उभी असते आणि अंगठ्यानं ‘मंमंवाटी’ टाइप करते. जाहिरात नाही, विक्री नाही. नाव भिंगरीच्या स्टीलच्या वाटीचं, आमच्या घरात पडलेलं.

या कंपनीनं त्याच नावानं बाळांची पावडर बाजारात आणली ती गेल्या वर्षी. माझी वाटी चार वर्षांची, त्यांच्या वाटीला अजून दातसुद्धा आले नव्हते.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी उत्तर लिहीत बसले होते. तो माझ्या खांद्यावरून वाचायला लागला.

“‘निर्लज्जपणाची हद्द झाली’? अगं, कंपनीला असं लिहितात का?”

“मग कसं लिहितात? ‘या, बसा, नाव घेऊन जा’?”

“चिडून लिहिलेलं पत्र म्हणजे त्यांच्या हातात कोलीत. दे, मी बघतो.”

“तू काही बघू नकोस. उद्या डोकं थंड झालं की मी नीट लिहीन.”

“तुझं डोकं? उद्या?” असं म्हणून तो हात धुवायला गेला.

नवऱ्याचं काम लोकांच्या शिव्या खाण्याचं आहे. कुरिअर कंपनीच्या तक्रार विभागात तो दिवसभर हरवलेल्या, फुटलेल्या, भलत्याच घरी गेलेल्या पार्सलांची उत्तरं लिहितो. पंधरा वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. लग्नाआधी मला हा गुण वाटला होता.

दुसऱ्या दिवशी तो शीळ घालतच घरात शिरला.

“तुझं ते पत्राचं काम मी करून टाकलं. जेवणाच्या सुट्टीत.”

वेबसाइट सुरू करताना ईमेलचं खातं त्यानंच उघडून दिलं होतं, ते त्याच्याही फोनवर होतं. ‘पाठवलेली’ या कप्प्यात जाऊन मी ते वाचलं.

‘आपल्या पत्राबद्दल धन्यवाद. आपली झालेली गैरसोय आम्ही समजू शकतो व त्याबद्दल मनःपूर्वक दिलगीर आहोत. आपल्या मागणीची नोंद घेण्यात आली असून लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. – मंमंवाटी परिवार.’

“हा परिवार कोण?” माझ्या तोंडून पहिल्यांदा तेवढंच निघालं.

“आपण. बरं वाटतं वाचायला.”

“आणि कार्यवाही कसली?”

“अगं, कसलीच नाही! तीच तर गंमत आहे. आमच्याकडे या वाक्याचा अर्थ काहीही होत नाही. माणूस वाचतो, थंड होतो, विसरून जातो. दहातले आठ परत लिहीतसुद्धा नाहीत.”

“ते पार्सल हरवलेली माणसं आहेत रे! हे वकील आहेत!”

वकील विसरले नाहीत. दोनच दिवसांत त्यांचं उत्तर आलं. आपण आपली चूक मान्य करून डोमेन हस्तांतरणास संमती दर्शवल्याबद्दल आभार. सोबतच्या सूचनांनुसार हस्तांतरणाचा कोड पाठवावा. न पाठवल्यास आम्ही लवादाकडे जाऊ आणि आपला कबुलीजबाब पुरावा म्हणून जोडू.

कबुलीजबाब! माझ्या वाटीचा, माझ्या नावानं, न विचारता दिलेला!

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याच्या ऐकण्यातही एक सराव होता. त्यानं माझा अजूनच भडका उडाला. “माझ्यासमोर तो तक्रार ऐकायचा चेहरा करू नकोस!” मी ओरडले. भिंगरी दारामागे जाऊन उभी राहिली.

सासूबाई बाहेर आल्या. “एका नावासाठी घर डोक्यावर घेतेस होय गं? दुसरं ठेव. बशी ठेव, ताटली ठेव. नावाला काय तोटा आहे?”

मी चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि त्या कंपनीचा डबा आणून त्यांच्यापुढे ओट्यावर आपटला. पुढच्या बाजूला मोठ्या गोल अक्षरांत मंमंवाटी. मी डबा फिरवला.

“वाचा.”

“माझा चष्मा…”

“मी वाचते. दुधाची भुकटी. पहिलंच नाव. निम्मा डबा दूध आहे, आई. उद्या हे नाव त्यांचं झालं की एखादी बाई दुकानात उभी राहून नेहमीसारखं मंमंवाटी टाइप करणार. समोर हा डबा येणार. ती म्हणणार, मंमंवाटीवर आहे म्हणजे चालतं. आणि घरी जाऊन भरवणार.”

सासूबाईंनी डब्यावरचा हात काढून घेतला. ते बिस्किट भरवलं तेव्हा भिंगरी त्यांच्याच मांडीवर होती. इस्पितळात जाईपर्यंत रिक्षात त्या तिचं नाव सारखं घेत होत्या, थांबलं तर काही तरी होईल अशा.

“त्या मेल्यांना सांगितलंस का हे?” त्या म्हणाल्या.

सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या वकीलबाईंचाच फोन आला. आवाज मधाळ, माझ्याच वयाचा. नवरा त्या दिवशी रजा काढून घरी होता. प्रायश्चित्त म्हणून भांडी घासत होता.

“मॅडम, आपण उगीच ताणतोय. तुम्हीही आई आहात, आमचाही ब्रँड आयांसाठीच आहे. नाव आमच्याकडे आलं तर तुमच्या बाळाला वर्षभर आमचं उत्पादन मोफत देऊ आम्ही.”

“माझ्या मुलीचा तुमच्या उत्पादनानं श्वास बंद होतो.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. “मग तुमची काही वेगळी अपेक्षा असेल तर सांगा. एखादा आकडा?”

नवरा ओल्या हातांनीच जवळ आला आणि कुजबुजला, “किती देतायत ते तरी विचार!” मी त्याच्या तोंडावर हात दाबला. साबणाच्या फेसासकट. आदल्या दिवशी मी अशा भांडणांचे जुने निकाल वाचून काढले होते. एक आकडा तोंडातून निघाला की संपलं. ही बाई नाव विकायलाच धरून बसली होती, असा त्याचा पुरावा होतो.

“आकडा नाही,” मी म्हटलं. “नाव विकायचं नाही. आज नाही, कधीच नाही. हे लिहून घ्या, आणि माझं म्हणून लिहा, परिवाराचं म्हणून नको.”

कंपनी लवादाकडे गेली. उत्तर द्यायला मुदत मिळाली. सुनावणी वगैरे काही नसते, दोन्ही बाजूंनी कागद पाठवायचे आणि लवादानं वाचून ठरवायचं. माझे मुद्दे सरळ होते. नाव मी घेतलं तेव्हा त्यांचा ट्रेडमार्क जन्मलाच नव्हता. तेव्हापासून मी ते एकाच कामाला वापरते आहे. त्यांच्या नावावर मी ना काही विकलं, ना कुणाला फसवलं. पहिल्या पानाची तारीख, आयांची पत्रं, लेबलांचे फोटो, सगळं जोडलं. घशात अडकत होतं ते फक्त त्यांचं जोडपत्र क्रमांक एक. परिवाराची दिलगिरी.

“तू लिहून दे,” मी नवऱ्याला म्हटलं. “पत्र मी लिहिलं, बायकोला माहीत नव्हतं, आणि हे वाक्य आम्ही ऑफिसात सगळ्यांना पाठवतो, त्याचा अर्थ काही नसतो.”

त्याचा चेहरा उतरला. “शेवटचं कसं लिहू? साहेबांनी वाचलं तर? पंधरा वर्षं आम्ही लोकांना काहीही अर्थ नसलेलं वाक्य पाठवतोय, हे मी सही करून सांगायचं?”

“माझं नाव देऊन टाकताना नाही आठवले साहेब?”

“मी नाव दिलं नाही गं. मी फक्त… नम्र होतो.”

त्यानं पहिला कच्चा मसुदा आणून दाखवला. सुरुवात होती, ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर’. मी कागद फाडला. इतक्या बारीक तुकड्यांत, की भिंगरीला पाऊस पाडायला झाले.

तेव्हा सासूबाई, कोथिंबीर निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, “ऑफिसचं कशाला हवं? खालच्या भाऊंना नव्हतं का पाठवलं यानं हेच?”

खालच्या मजल्यावरच्या भाऊंच्या न्हाणीघरात आमच्या न्हाणीघराचं पाणी गळतं. त्यांनी दोन वर्षांपूर्वी रागारागानं ईमेल केलं होतं. नवऱ्यानं फोन काढला. तेच होतं. झालेली गैरसोय, मनःपूर्वक, नोंद, लवकरात लवकर, योग्य ती कार्यवाही. शब्द न् शब्द. मग शोधत गेलो तर नणंदेला, भिंगरीच्या बालवाडीला, गॅसवाल्याला, सगळ्यांना तेच गेलेलं. माझा राग एवढा होता की हसू येत असताना मला ते आवडत नव्हतं.

“आणि गळती?” मी विचारलं.

“चालू आहे,” नवरा म्हणाला.

सासूबाई पदर खोचून खाली गेल्या आणि भाऊंचा कागद घेऊन आल्या. भाऊंनी तो फार आनंदानं लिहिला होता: ‘सदर गृहस्थांनी मला असेच पत्र पाठवले होते. त्यानंतर आजतागायत कोणतीही कार्यवाही झालेली नाही, होण्याची चिन्हेही नाहीत.’ खाली ठळक सही, आणि ओल आलेल्या छताचा फोटो.

नवऱ्यानं मग बसून पाच ओळी लिहिल्या. पत्र मी लिहिलं. पत्नीला विचारलं नव्हतं. नाव तिचं आहे, देण्याचा अधिकार मला नव्हता. हे वाक्य मी सवयीनं सगळ्यांना पाठवतो, नमुने सोबत. एकही दिलगिरी नाही. “फार उद्धट वाटतंय,” तो म्हणाला. “खरं वाटतंय,” मी म्हटलं, आणि पाठवलं.

निकाल आला तो दुपारी, भिंगरी झोपलेली असताना. मी उभ्यानं वाचला. कंपनीची मागणी फेटाळली होती. नाव ट्रेडमार्कच्या आधीचं, वापर प्रामाणिक. परिवाराच्या पत्राबद्दल एकच वाक्य होतं, की सोबतचे नमुने पाहता याला संमती मानता येणार नाही. नवऱ्याला फोन केला तर तो रडायलाच लागला. मी त्याला रडू दिलं. माफ केलं असं म्हणायला अजून जीभ वळत नव्हती, पण फोन ठेवलाही नाही.

माझा राग काही गेला नाही. डोमेन माझ्याकडे राहिलं, पण डबे दुकानात होते तसेच आहेत, त्याच गोल अक्षरांचे. त्यावर लवादाचं काही चालत नाही. दोन दिवसांनी एका अनोळखी नंबरावरून निरोप आला.

‘ताई, दुकानात आहे. मंमंवाटीचा डबा दिसला. तुम्हीच काढलाय ना? मग घेऊन टाकते. माझ्या बाळाला पण दूध चालत नाही.’

मी हातातलं टाकून टाइप केलं.

‘माझा नाही. दूध आहे. खाली ठेवा.’

खाली दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे तिनं वाचलं होतं. मग काहीच नाही. मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायला लागले. ती पैसे देत असेल. घरी निघाली असेल. डबा उघडत असेल. भिंगरी माझ्या मागे मागे फिरत होती, तिला वाटलं खेळ आहे.

‘ठेवला,’ असं आलं तेव्हा कुठे माझ्या येरझाऱ्या थांबल्या.

मग मी तेव्हा आणलेला डबा ओट्यावर उजेडात उलटा धरला आणि मागच्या बाजूचा फोटो काढला. वेबसाइटवर सगळ्यात वर टाकला, जमेल तेवढा मोठा. खाली लिहिलं: हा डबा आमचा नाही. यात दूध आहे.

वकीलबाईंचा फोन तासाभरात आला. “मॅडम, हे तुम्ही ताबडतोब काढा. हे आमच्या ब्रँडला…”

“यातलं काय खोटं आहे?” मी विचारलं.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मी वाट पाहिली. घाई मला नव्हती.