बोळातलं वळण

काचेच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर दफनभूमी आणि दाहिनी उभारायची होती. आराखडा माझा होता. जुन्या भट्टीपासून गोदामापर्यंत विटांचा एक अरुंद बोळ होता, तो मी तसाच ठेवला. माणसं त्यातून येतील, शेवटी काटकोनात वळतील आणि समोर एकदम उजेडाचं दालन. कागदावर ते इतकं देखणं दिसायचं की मीच त्याच्या प्रेमात पडले.

वस्तीतल्या लोकांना नकाशे दाखवले, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंनी हात वर केला. त्या पूर्वी कारखान्यात मुकादम होत्या. सगळे त्यांना मुकादमबाईच म्हणत.

“मॅडम, खांद्यावर मयताची पेटी घेऊन चौघं तिथं वळणार कसे? आमची काचेची खोकी अडकायची.”

“मापं घेतलीत हो, मावशी.”

घेतली होती, पण चाकाच्या गाडीची. खांदा देणाऱ्या माणसांची नाही. बोलतानाच मला ते ठाऊक होतं.

दाहिनी सुरू झाली आणि पहिलं मयत आलं ते मुकादमबाईंच्याच यजमानांचं. गाडी तयार होती, पण भाचे म्हणाले, “मामांना खांद्यावरूनच नेणार.” वळणावर पेटी अडकली. पुढे जाईना, मागे येईना. कुणीतरी म्हणालं, “जरा उभी करा.” उभी करताना थोरल्या भाच्याचा हात सुटला. पेटी भिंतीवर आदळली आणि आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला.

“असू दे रे,” मुकादमबाई म्हणाल्या. “जन्मभर भट्टीपुढं उभेच होते ते.”

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑफिसात साहेब म्हणाले, “ठेकेदारानं गिलावा जाड केला म्हणून पेटी अडकली, असं कळवून टाकू.” मी मान डोलावली. दोन दिवस ठेकेदाराचे फोन येत राहिले. मी एकही उचलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःची लाज वाटून नगरपालिकेला लिहून दिलं, की चूक माझी आहे, सांगूनही मी ऐकलं नाही. कोपरा पाडायचं ठरलं. साहेबांनी काम माझ्याकडून काढून घेतलं.

मग मुकादमबाईंच्या घरी गेले. त्या चादरींच्या घड्या घालत होत्या.

“मावशी, माफी मागायला आलेय.”

“माझी कसली मागतेस? त्या थोरल्याला वाटतंय, मामाला आपणच पाडलं. ना धड जेवतो, ना कामावर जातो. त्याला सांग.”

थोरला भाचा मागच्या खोलीत होता. धिप्पाड, ट्रक चालवणारा माणूस. मला बघताच उठला, खुर्ची पुसली, म्हणाला, “बसा मॅडम.”

मला बसवेना. मी सगळं सांगितलं: बोळ केवढा, पेटी केवढी, चौघांना जागा किती लागते.

“म्हणजे ती वळलीच नसती?”

“कुणालाच वळवता आली नसती.”

“आणि हे तुम्हाला आधीच माहीत होतं?”

“हो.”

त्यानं पुढच्या खोलीत हाक मारली, “मामी, जेवायला वाढ गं.”

मला मात्र पुन्हा बसा म्हणाला नाही. मी दाराशी जाऊन चपला शोधू लागले.